ऊर्जाबचत कार्यक्रमासाठी इमारतींचे गट कसे पाडायचे? २८८ खाने झालेत, निम्मे रिकामे

आराखडेवाला

अनिवासी इमारतींसाठी ऊर्जाबचत कार्यक्रमाचा आराखडा करायचा आहे. हाताशी आहे ते असं: सुमारे ४०,००० वीजजोडण्या, प्रत्येकीची ३ वर्षांची मासिक बिलं, दरश्रेणी आणि ग्राहकाचा उद्योग-कोड. बांधीव क्षेत्रफळ जेमतेम एक तृतीयांश जोडण्यांचं मिळतंय, तेही मालमत्ता कराच्या नोंदींतून. दर १५ मिनिटांच्या वीजभाराच्या नोंदी (लोड डेटा) फक्त मोठ्या जोडण्यांच्या.

पहिल्या मसुद्यात १२ वापरप्रकार × ३ आकार × २ बांधकामकाळ × ४ हवामान विभाग असे २८८ खाने पाडले. त्यातल्या निम्म्याहून जास्त खान्यांत पाच इमारतीसुद्धा नाहीत आणि 'इतर' मात्र फुगलाय. प्रश्न असे:

१. खाने कमी करताना कोणती कसोटी आधी सोडायची?
२. आकाराच्या सीमा कशा ठरवायच्या? सध्या डोळ्यांनी बघून आखल्यात.
३. खाली दुकानं, वर ऑफिसं अशा इमारती कुठे टाकायच्या?
४. मालक-भाडेकरू हा वेगळा गट करायचा की नुसती नोंद ठेवायची?

मीटरमापे

कसोटी सोडण्याआधी एक बघा: तुमच्या यादीतली एक ओळ म्हणजे नक्की काय? जोडणी, इमारत की ग्राहक? ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अर्धा घोळ इथेच होतो. एका इमारतीत ३० मीटर असतात: भाडेकरूंचे, जिन्या-लिफ्टचा, चिलरचा (इमारतीच्या थंडाव्यासाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा) वेगळा. उलट एका कॅम्पसला एकच मोठा मीटर आणि मागे आठ इमारती. जोडणीनिहाय गट पाडले की लिफ्ट-पंपाचा मीटर 'लहान ऑफिस' म्हणून मोजला जातो आणि लहान ऑफिसांचा आकडा उगाच वाढतो.

म्हणून आधी तीन पातळ्यांचे तीन क्रमांक द्या: जोडणी क्रमांक, जागा क्रमांक, निर्णयकर्ता क्रमांक. जागा जुळवायला पत्त्याच्या स्पेलिंगवर विसंबू नका, मालमत्तेचा क्रमांक किंवा इमारतीच्या नकाशावरची बाह्यरेषा घ्या. निर्णयकर्ता म्हणजे बिल भरणारा नव्हे, तर यंत्र बदलायच्या कागदावर सही करणारा.

दुसरं म्हणजे क्षेत्रफळ तपासा. प्रत्येक जागेची वार्षिक युनिटं भागिले चौरस मीटर काढा आणि ते त्याच प्रकाराच्या मध्यकाशी ताडून पाहा. मध्यकाच्या साधारण अकराव्या हिश्श्याला येणाऱ्या नोंदींचा ढीग दिसला, तर तिथे चौरस फुटांचा आकडा चौरस मीटरच्या रकान्यात पडलाय (१ चौरस मीटर = १०.७६ चौरस फूट). मध्यकाच्या पाच-सहा पट येत असेल तर बहुधा एकाच मजल्याचं क्षेत्रफळ आहे, मजल्यांनी गुणायचं राहिलंय.

उद्योग-कोडवर फार भरवसा ठेवू नका. बिलाच्या डेटाबेसमध्ये तो बहुतेक वेळा संपूर्ण कंपनीचा असतो, त्या जागेचा नसतो. कारखानदार कंपनीचं मुख्य ऑफिस 'उत्पादन' म्हणून येतं, किराणा साखळीचं गोदाम 'किरकोळ विक्री' म्हणून. शिवाय कोडचे वरचे विभाग अर्थव्यवहारासाठी आखलेले आहेत, ऊर्जेसाठी नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या आयसिक या उद्योग-वर्गीकरणाच्या चौथ्या आवृत्तीत (२००८) जी विभागात घाऊक विक्री, किरकोळ विक्री आणि वाहनदुरुस्ती एकत्र आहेत, आणि आय विभागात हॉटेल आणि उपाहारगृह. ऊर्जेच्या नजरेनं यांचं एकमेकांशी काही नातं नाही. निदान चार अंकांपर्यंत उतरा: ४७११ म्हणजे मुख्यतः खाद्यपदार्थ विकणारं सर्वसाधारण दुकान, ४७७१ म्हणजे कपडे-पादत्राणांचं. यांना एका गटात ठेवलंत की सरासरी दोघांनाही लागू पडत नाही.

आणि मुख्य मुद्दा. तुम्ही एकाच वर्गीकरणाकडून दोन कामं मागताय. बचतीचा हिशेब करायला लागणारे गट आणि ग्राहकाकडे योजना घेऊन जायला लागणारे गट हे वेगळे असतात. हिशेबाला वापरप्रकार, आकार, हवामान हवं. योजनेला निर्णय कोण घेतो, कधी घेतो, पैसा कोणाचा हे हवं. २८८ खाने झालेत ते या दोन्हींची सरमिसळ झाल्यामुळे. दोन वेगळे रकाने करा आणि त्यांचा एकमेकांशी गुणाकार करू नका.

चौफुला

वरच्याला अनुमोदन. नमुना सर्व्हेच्या बाजूनं आकडे घालतो, म्हणजे २८८ का परवडत नाहीत ते दिसेल.

९० टक्के विश्वासपातळीला ±१० टक्के अचूकता हवी असेल आणि गटातल्या वापराचा चलन गुणांक (प्रमाण विचलन भागिले सरासरी) ०.५ धरला, तर नमुना = (१.६४५ × ०.५ ÷ ०.१०)² = ६७.७, म्हणजे ६८ जागा. हे एका खान्याचं. २८८ खान्यांना १९,५८४ जागा. अर्ध्या ग्राहकांच्या दारात उभं राहायचं असेल तर सर्व्हे कशाला, सरळ गणनाच करा. चलन गुणांक १.० असला (मिश्र गटात सहज असतो) तर एका खान्याला २७१. लहान गटात थोडी सूट मिळते: गटात १२० च जागा असतील तर ६७.७ ÷ (१ + ६७.७/१२०) ≈ ४३.३, म्हणजे ४४.

त्यामुळे ±१० ची अचूकता प्रत्येक गटात मागायची नाही, एकूण बेरजेत मागायची. नमुन्याची वाटणी गटातली संख्या × प्रमाण विचलन या प्रमाणात करा. केवळ संख्येच्या प्रमाणात वाटलात तर सगळा सर्व्हे लहान दुकानांतच संपतो. सगळ्यात मोठे जे मूठभर आहेत त्यांना नमुन्यात टाकूच नका, सगळेच्या सगळे तपासा.

प्रश्न २. आकाराच्या सीमा डोळ्यांनी आखू नका. डेलेनियस आणि हॉजेस यांची 'संचित वर्गमूळ' पद्धत वहीतसुद्धा होते. वार्षिक वापराचे समान रुंदीचे वर्ग करा, प्रत्येकातल्या जागा मोजा, त्यांचं वर्गमूळ घ्या, बेरीज करत जा आणि एकूण बेरजेचे समान भाग पाडा. उदाहरणार्थ ८ वर्गांत जागा अशा:

९००, ४००, २२५, १००, ६४, २५, १६, ९

वर्गमुळं: ३०, २०, १५, १०, ८, ५, ४, ३
संचित: ३०, ५०, ६५, ७५, ८३, ८८, ९२, ९५

तीन थर हवेत तर सीमा ९५/३ = ३१.७ आणि ६३.३ च्या जवळ, म्हणजे पहिल्या वर्गानंतर (३०) आणि तिसऱ्या वर्गानंतर (६५). लहान ९००, मध्यम ६२५, मोठे २१४. वर्ग असमान रुंदीचे असतील तर वर्गमूळ घेण्याआधी संख्येला रुंदीनं गुणा. हे विसरलं की वरच्या टोकाला सीमा चुकते, आणि सगळी ऊर्जा तर तिथेच असते.

सीमा वार्षिक युनिटांवर आखा, क्षेत्रफळावर नको. तुमच्याकडे दोन तृतीयांश जागांचं क्षेत्रफळच नाही.

प्रश्न १. आधी हवामान सोडा. म्हणजे टाकून द्या असं नाही, खान्यातून बाहेर काढा. दिवे बदलण्याची बचत ठरते चालू तासांवर, हवामान विभागावर नाही. हवामान फक्त थंडावा, उबदारपणा आणि इमारतीचं कवच यांच्या उपायांना लागतं. तिथे ते गुणक म्हणून वापरा: मासिक बिल आणि बाहेरचं तापमान यांची मोडरेषा (एका तापमानापर्यंत सपाट, पुढे चढणारी रेषा) काढली की प्रत्येक जागेचा पायाभूत वापर आणि तापमानावर हलणारा वापर वेगळा होतो. बांधकामकाळही तसाच, भिंत-छत-खिडकीच्या उपायांपुरता ठेवा. २०-२५ वर्षांपूर्वीच्या इमारतीतला चिलर आणि दिवे एव्हाना एकदा बदलून झालेले असू शकतात. त्या यंत्रांसाठी इमारतीचं वय नव्हे, यंत्राचं वय विचारा.

आराखडेवाला

जोडणी-जागा-निर्णयकर्ता हे वेगळं केलेलं नव्हतं, ते आता करतो. एक शंका. योजनेचे गट निर्णयावर पाडायचे तर वापरप्रकार फक्त हिशेबापुरताच उरतो का? आणि 'निर्णय कधी' हे गटाचं लक्षण कसं होईल? ते तर दर वर्षी बदलणार.

थंडाई

बदलणारच, आणि म्हणूनच ते सोडता येत नाही. बचत किती मोजायची हेच मुळी त्यावर ठरतं. एकच चिलर घ्या, थंडाव्याची क्षमता ३०० टन, वर्षाला २,००० पूर्णभार तास. जुना टनाला ०.८५ किलोवॅट घेतो, नियमाप्रमाणे आज किमान ०.६५ चा बसवावा लागतो, कार्यक्षम ०.५५ चा मिळतो. हे आकडे समजायला घेतलेत.

जुना बंद पडल्यावर बदलला, तर तुलना ०.६५ शी करायची, कारण ग्राहक नाही तरी तोच घेणार होता. बचत ०.१० × ३०० × २,००० = वर्षाला ६०,००० युनिट. २० वर्षांच्या आयुष्यात १२ लाख.

चालू असताना मुदतीआधी काढला आणि त्याची ५ वर्षं उरली होती, तर पहिली ५ वर्षं तुलना जुन्याशी: ०.३० × ३०० × २,००० = १,८०,००० युनिट. उरलेली १५ वर्षं ६०,००० नं. एकूण ९ लाख + ९ लाख = १८ लाख.

आणि जी चूक सर्रास होते ती अशी: २० च्या २० वर्षं १,८०,००० धरायचे. ३६ लाख. बरोबर दुप्पट. पडताळणीत हे निम्म्यानं कापलं जातं आणि मग कार्यक्रमाचा खर्च-लाभ उलटा पडतो.

तेव्हा प्रसंगांचा एक रकाना ठेवा: नवं बांधकाम, मोठं नूतनीकरण, नव्या भाडेकरूची अंतर्गत सजावट, बिघाडानंतर बदल, मुदतीआधी बदल, आणि यंत्र न बदलता चालवणं सुधारणं. हे ग्राहकाचं कायमचं लक्षण नाही, अर्जाचं आहे. एकच ग्राहक दोन वर्षांत दोन खान्यांत येईल, येऊ द्या. पण आराखडा करताना प्रत्येक गटात कोणता प्रसंग जास्त घडतो ते बघून योजना बेता. भाड्याच्या ऑफिसात सजावट दर कराराला होते. तिथे दिव्यांची योजना ग्राहकापेक्षा सजावटीच्या कंत्राटदारापर्यंत पोचायला हवी. थंडाव्याची लहान यंत्रं बिघडली की दुसऱ्या दिवशी नवं हवं असतं, अर्ज भरायला कोण थांबेल? तिथे सूट वितरकाच्या पातळीवर द्या, म्हणजे शेल्फवर कार्यक्षम यंत्रच सापडेल.

उष्णांक

मीटरमापे यांच्याशी एका बाबतीत मतभेद. उद्योग-कोड टाकाऊ आहे असं नाही, तो तपासता येतो, आणि त्याला लोड डेटाही लागत नाही. बिलावर मागणीचे किलोवॅट असतील तर भारांक काढा: महिन्याची युनिटं ÷ (कमाल मागणी × ७३० तास). २० किलोवॅट मागणी आणि ७,३०० युनिट म्हणजे ०.५.

आता कपड्यांचं दुकान घ्या. दिवसाला १० तास उघडं, त्या दहाही तासांत कमाल मागणीइतका भार सलग चालला तरी भारांक १०/२४, म्हणजे ०.४२ च्या वर जाऊ शकत नाही. 'कपडे' कोडच्या जोडणीचा भारांक ०.६५ आला तर रात्री काहीतरी चालू आहे. एक तर कोड चुकलाय, नाही तर त्याच मीटरवर शेजारचा कोणी आहे. किराण्याचं उलट. उघड्या तोंडाची शीतकपाटं रात्री दुकान बंद असतानाही थंडी बाहेर सांडत राहतात आणि कंप्रेसर सकाळपर्यंत थांबत नाही. दिवे गेले तरी आलेख तळाला जात नाही. त्या एका कारणासाठी दरवाजे, रात्रीचे पडदे आणि बर्फ वितळवण्याचे नियंत्रक हे उपाय किराण्याला लागतात आणि कपड्यांच्या दुकानाला शून्य. वापरप्रकाराला योजनेतही जागा उरते ती अशी: योजना कोणाकडे न्यायची हे निर्णयकर्ता सांगतो, त्या योजनेत कोणते उपाय घालायचे हे वापरप्रकार सांगतो.

प्रश्न ४. मालक-भाडेकरू नुसती नोंद म्हणून ठेवलीत तर कोणी बघणार नाही. यंत्र कोणाचं आणि बिल कोणाचं, असे दोन प्रश्न विचारा, आणि जागा कोणाची, वापर कोणाचा तेही बघा. चार खाने पडतात.

यंत्र, बिल, जागा, वापर सगळं एकाचंच: परतफेडीचा कालावधी दाखवा, काम होतं.

यंत्र मालकाचं, बिल भाडेकरूचं: मालक खर्च करून दुसऱ्याचं बिल का कमी करेल? इथे ग्राहकाला पाठवलेलं पत्रक चुकीच्या माणसाच्या हातात पडतं. मालकाला भिडायचं असेल तर भाडेकरारात वाढीव शुल्काची तरतूद किंवा मालकाला थेट अनुदान लागतं.

यंत्र मालकाचं, बिलही मालकाचं, पण वापर भाडेकरूचा: हा वरवर पहिल्यासारखाच दिसतो. मालक यंत्र सुधारेल, पण तापमान १८ वर ठेवणाऱ्याला थांबवणारं काही नाही. उपमीटर हाच पहिला उपाय.

यंत्र आणि बिल भाडेकरूचं, जागा मालकाची: इथे उरलेला करार बघा. कराराची २ वर्षं उरलीत आणि परतफेड ३ वर्षांची, तर अनुदान परतफेड २ च्या खाली आणेपर्यंत अर्ज येणार नाही.

मोठ्या मॉलमध्ये हे चारही एका छपराखाली असतात. दुकानातले दिवे भाडेकरूचे, चिलर मालकाचा, थंड पाण्याचं शुल्क क्षेत्रफळावर. ज्याचं शुल्क क्षेत्रफळावर ठरतं तो वाचवून काय करील? तिथे उष्णता मीटर (प्रत्येकानं किती थंडावा घेतला ते मोजणारा) बसल्याशिवाय बाकी उपायांची आकडेमोड करूच नये.

प्रश्न ३. खाली दुकानं-वर ऑफिसं असेल तर मीटर वेगळे आहेत का ते पाहा. वेगळे असतील तर हिशेबासाठी इमारत फोडा. एकच मीटर असेल तर क्षेत्रफळात ५० टक्क्यांहून जास्त ज्याचं, त्या प्रकारात टाका. पण एक अपवाद लिहून ठेवा: उपाहारगृह, शीतगृह, सर्व्हर खोली यांचं क्षेत्रफळ कमी असलं तरी ऊर्जा जास्त असते. १५ टक्के जागेतलं स्वयंपाकघर इमारतीच्या निम्म्या वापराला कारण असू शकतं. अशा जागांना 'जड भार' असा झेंडा लावा, नाही तर ते ऑफिस म्हणून सरासरी बिघडवतील.

चौफुला

'इतर' राहिलं. 'इतर'ची मर्यादा संख्येवर ठेवू नका, युनिटांवर ठेवा. एकूण वापराच्या १० टक्क्यांहून जास्त तिथे गेलं तर त्यातल्या पहिल्या २० जागा वापरानुसार लावून हातानं बघा. दूरसंचार मनोरे, पाणीपुरवठ्याचे पंप, रस्त्यावरचे दिवे सापडतील. ह्या इमारतीच नाहीत. यादीतून बाहेर काढा, त्यांचा वेगळा कार्यक्रम.

आणि गटांचे आकडे जाहीर करणार असाल तर १५/१५ चा नियम पाळा: गटात किमान १५ ग्राहक, आणि एकाही ग्राहकाचा वाटा १५ टक्क्यांच्या वर नाही. कॅलिफोर्नियात रूढ झालेला हा नियम गोपनीयतेसाठी आहे, पण गट फार बारीक झालेत का ते तपासायलाही बरा पडतो.

आराखडेवाला

दोन रकाने वेगळे करून पुन्हा मांडलं. हिशेबाचे गट: ऑफिस, किराणा, इतर किरकोळ, उपाहारगृह, हॉटेल, रुग्णालय, शाळा-कॉलेज, गोदाम (साधं आणि शीत वेगळं). आकार तीन, संचित वर्गमुळानं. हवामान गुणक म्हणून. २७ खाने, त्यातले शीतगोदामाचे तीन विलीन करून २५.

योजनेचे गट: (अ) लहान, स्वतःची जागा, (आ) लहान, भाड्याची, (इ) मध्यम-मोठे खासगी मालक-वापरकर्ते, (ई) भाड्यानं देणारे मालक, (उ) सरकारी, (ऊ) नवं बांधकाम.

बचतीचं सूत्र: क्षेत्रफळ × त्या वापराची प्रति चौरस मीटर युनिटं × उपाय लागू पडणारा हिस्सा × अजून न झालेला हिस्सा × बचतीचं प्रमाण. ऑफिसच्या दिव्यांसाठी ५,००,००० × ३० × ०.८ × ०.६ × ०.४५ = ३२.४ लाख युनिट. बरोबर आहे का?

मीटरमापे

गुणाकार बरोबर. पण ०.८ आणि ०.६ एकाच सर्व्हे प्रश्नातून आले असतील तर एकच कपात दोनदा होतेय. 'लागू पडणारा' म्हणजे तांत्रिकदृष्ट्या जिथे बसू शकतो तो हिस्सा, एलईडी आधीच असलेली जागाही त्यात धरायची. 'न झालेला' हा त्या ०.८ मधला हिस्सा. प्रश्नावलीत हे दोन स्वतंत्र प्रश्न ठेवा. आणि दिव्यांची बचत थंडाव्याच्या आधी काढा. दिव्यांची उष्णता कमी झाली की चिलरचा भार आधीच उतरतो. उलट क्रमानं केलंत तर तीच युनिटं दोनदा विकली जातील. जिथे उबदारपणा लागतो तिथे उलट, ती उष्णता हीटरला भरून काढावी लागते.

योजनेच्या यादीत एक गट सुटलाय: साखळी दुकानं. एका कंपनीची ६० दुकानं तुमच्या (आ) मध्ये ६० लहान ग्राहक म्हणून बसलीत. तिथल्या व्यवस्थापकाला बल्ब बदलायचाही अधिकार नसतो. सही मुख्यालयात, वर्षातून एकदा, अंदाजपत्रकाच्या वेळी. निर्णयकर्ता क्रमांकावर गटवारी करून ५ पेक्षा जास्त जागा असलेले सगळे वेगळे काढा.

थंडाई

(उ) सरकारीलाही दोन भागांत तोडा. स्वतःच्या अंदाजपत्रकातून खर्च करणारे आणि बचतीतून फेडीच्या करारावर काम देऊ शकणारे. दुसऱ्यांत संपूर्ण इमारतीच्या मीटरवर पडताळणी करायची असेल तर अपेक्षित बचत बिलाच्या १० टक्क्यांहून जास्त हवी. त्याखाली ती महिन्या-महिन्याच्या चढउतारात बुडते. कमी असेल तर त्या एका यंत्रालाच मीटर लावा.

(ऊ) मध्ये अर्ज कधी येतो ते पाहून ठेवा. नकाशे मंजूर झाल्यावर येणाऱ्या अर्जात खिडक्यांचा आकार, दिशा, वाहिन्यांची जागा सगळं ठरून गेलेलं असतं, उरतात फक्त दिवे आणि यंत्रांची निवड. त्या गटातला संपर्क आर्किटेक्ट आणि यंत्रणा सल्लागार आहेत, म्हणून निर्णयकर्ता क्रमांक मालकाचा न लावता त्यांच्या कार्यालयाचा लावा.